आधी लेख, मग टिकाव

मी वीकेंडला ट्रेलवर कामाला जाते असं कुणाला सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "अच्छा, म्हणजे ट्रेकिंग?" मग मी सांगते की ट्रेकिंग नाही हो, ज्या वाटेवरून तुम्ही ट्रेकिंग करता ती वाट नीट करायला जाते, टिकाव-फावडं-घमेलं घेऊन. मग समोरचा जरा विचारात पडतो आणि म्हणतो, "पण वाटेत नीट काय करायचंय? ती असतेच की."

नसते हो! माणसं आणि गुरं रोज जा-ये करतात तिथे वाट आपोआप पडते, मान्य आहे. पण सलग आठशे, हजार, तीन हजार किलोमीटर जाणारी वाट, जी कुणाच्या कामाधंद्याची नाही, कुठल्या बाजाराला जात नाही, नुसती चालायची हौस असलेल्यांची आहे, ती आपोआप कशी पडेल? ती आधी कुणाच्या तरी डोक्यात येते, मग तो माणूस आणखी चार जणांचं डोकं खातो, मग नकाशे, मग परवानग्या, मग खोदकाम, आणि एकदा झाली की जन्मभराची डागडुजी. आणि यातलं बहुतेक काम करणारे लोक बिनपगारी असतात, श्रमदानच सगळं.

आता मुद्द्यावर येते. आमच्या ग्रुपमध्ये एक वाद कायम धुमसत असतो, तो म्हणजे काम करणारे विरुद्ध पोस्ट टाकणारे. कामवाल्यांचं म्हणणं असं की हे लोक येतात, दोन फोटो काढतात, रील टाकतात, लाइक्स घेतात आणि दगड उचलायची वेळ आली की यांची कंबर दुखते. पोस्टवाल्यांचं म्हणणं असं की आम्ही बोंब मारली नाही तर तुमची ही वाट कुणाला कळणार, तुम्ही सात जण म्हातारे होईपर्यंत फावडी मारत बसाल आणि तुमच्यानंतर जंगल सगळं परत घेईल. मी सुरुवातीला पक्की कामवाल्यांच्या बाजूची होते. मग जगभरातल्या लांब ट्रेल्स कशा झाल्या ते वाचायला लागले आणि जरा गप्प बसले, कारण त्यातल्या बऱ्याच नावाजलेल्या ट्रेल्स टिकावाने सुरूच झालेल्या नाहीत. लेखाने सुरू झाल्यात!

अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल घ्या, साधारण ३,५०० किलोमीटर, १४ राज्यांतून जाते. बेंटन मकाय नावाचा एक फॉरेस्टर आणि प्लॅनर होता, त्याने १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये आर्किटेक्ट लोकांच्या एका जर्नलमध्ये लेख लिहिला की तिथल्या अ‍ॅपलेशियन नावाच्या अख्ख्या डोंगररांगेच्या माथ्यावरून एक वाट असावी. नुसती वाटच नाही, त्याच्या डोक्यात तर वाटेच्या कडेला शेती कॅम्प, शहरातल्या थकल्याभागल्या माणसांसाठी राहायच्या जागा असं बरंच काही होतं. त्यातलं बाकी सगळं कागदावरच राहिलं आणि वाट तेवढी झाली.

इंग्लंडमधली पेनाइन वे बघा. टॉम स्टीफन्सन पत्रकार होता, त्याला दोन अमेरिकन मुलींचं पत्र आलं की आम्हाला इंग्लंडमध्ये चालायला यायचंय, आमच्या अ‍ॅपलेशियनसारखं तुमच्याकडे काही आहे का? नव्हतं. म्हणून त्याने १९३५ मध्ये डेली हेरल्डमध्ये लेख लिहिला की अशी एक लांब हिरवी वाट पाहिजे. न्यूझीलंडची ते आरारोआ, देशाच्या उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत ३,००० किलोमीटर, तिच्यामागे जेफ चॅपल, तोही पत्रकार, त्याने १९९४ मध्ये पेपरात लिहून विषय उचलून धरला. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरची ओल्ले ट्रेल २००७ मध्ये सुरू करणारी सो म्यंग-सुक हीसुद्धा पत्रकार, स्पेनमधल्या कामिनो दे सांतियागो या जुन्या तीर्थयात्रेच्या वाटेवर चालून आली आणि म्हणाली की आपल्या बेटावर असं काहीतरी करायचं.

म्हणजे मकाय सोडला तर तिघंही चक्क पत्रकार! यांनी पोस्टच टाकली होती की, फक्त तेव्हा तिला लेख म्हणायचे.

पण थांबा, पोस्टवाल्यांनी लगेच हुरळून जाऊ नका. मकायचा लेख आला १९२१ ला आणि वाट सलग जोडली गेली १९३७ ला. स्टीफन्सनचा लेख १९३५ चा आणि पेनाइन वेचं उद्घाटन १९६५ मध्ये, तीस वर्षं! मधल्या काळात एक महायुद्ध होऊन गेलं, लोकांना मोकळ्या रानात जायचा हक्क मिळावा म्हणून भांडणं झाली, १९४९ मध्ये नॅशनल पार्क आणि रानात जायच्या हक्काचा कायदा झाला, मग कुठे. ते आरारोआ २०११ च्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे उघडली, म्हणजे सतरा वर्षं. लेख एका संध्याकाळी लिहून होतो. पुढच्या वर्षांचं काय? ती वर्षं ज्यांनी रेटली त्यांची नावं विकिपीडियावर तळाशी कुठेतरी असतात, तीही असली तर.

अ‍ॅपलेशियनच्या बाबतीत मात्र असं एक नाव सगळ्यांना माहितीय आणि मला हा माणूस फार आवडतो, जरी तो सोबत काम करायला भयंकर असणार असं दिसतं. मायरन एव्हरी. मेन राज्यातला, पेशाने वकील. १९३१ पासून १९५२ पर्यंत तो ट्रेल कॉन्फरन्सचा, म्हणजे ही ट्रेल सांभाळणाऱ्या संस्थेचा, अध्यक्ष होता. सायकलचं चाक बसवलेलं मोजयंत्र ढकलत ढकलत हा माणूस डोंगरातून चालायचा आणि अंतरं मोजून लिहून घ्यायचा, इथून झरा इतका, तिथून वळण इतकं. तुकड्या तुकड्यात सगळी ट्रेल चालून पूर्ण करणारा पहिला माणूस तोच, १९३६ मध्ये. क्लब उभे करणं, पत्रं लिहून लोकांना पळवणं, गाइडबुकं, खुणा, सगळ्यात हा.

आणि मकायचं आणि याचं जमलं नाही. जमणारच नव्हतं. व्हर्जिनियात डोंगरमाथ्यावरून गाड्यांसाठी स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता बांधायला घेतला आणि तो नेमका ट्रेलवरून जायला लागला. मकाय म्हणाला की रस्ता होऊच द्यायचा नाही, माथ्यावर गाड्या आल्या तर वाटेला अर्थ काय राहिला. एव्हरी म्हणाला की रस्ता होणारच आहे, आपण बाजूने वाट नवीन आखून घेऊ, सरकार मदत करतंय तर घेऊ, मला सलग जोडलेली वाट पाहिजे. १९३५ च्या आसपास दोघांचं इतकं बिनसलं की बोलणंच बंद झालं. मकायने त्याच वर्षी काही लोकांबरोबर रानं राखण्यासाठी वाइल्डरनेस सोसायटी काढली, एव्हरी आपलं चाक ढकलत राहिला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री अकरा वाजता भांडण पेटतं ना, तेव्हा मला या दोघांची आठवण येते. दोघंही बरोबर होते, हे म्हणणं सोपं आहे पण मला विचाराल तर मी एव्हरीच्या बाजूने आहे, कारण मकायच्या हट्टाने वाट पूर्ण झाली नसती. तरी एव्हरी बावन्नाव्या वर्षी गेला आणि मकाय शहाण्णव वर्षं जगला, यावरून काय बोध घ्यायचा तो ज्याने त्याने घ्या.

बरं १९३७ ला पूर्ण झाली म्हणजे झाली का? पुढच्याच वर्षी मोठं चक्रीवादळ आलं, अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातली झाडंच्या झाडं आडवी झाली, मग डोंगरावरच्या रस्त्यांसाठी लांबच्या लांब तुकडे हलवावे लागले, मग महायुद्धात काम करणारे हातच गेले. १९४८ मध्ये अर्ल शेफर एका दमात सगळी चालला तेव्हा बऱ्याच ठिकाणी त्याला वाट शोधतच जावं लागलं. आणि १९५५ मध्ये एमा गेटवुड, ६७ वर्षांच्या आजी, कॅनव्हासचे बूट आणि घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून निघाल्या. त्यांनी मासिकात ट्रेलवरचा छान छान लेख वाचला होता, वाट कशी रुंद, खुणा कशा ठळक वगैरे. प्रत्यक्षात काय तर पडलेली झाडं, माजलेलं गवत, खुणा गायब. पूर्ण चालल्या, आणि मग पेपरवाल्यांना ठणकावून सांगितलं की वाटेची दशा वाईट आहे. पेपरवाल्यांना आजी आवडल्याच होत्या, त्यामुळे ते छापून आलं आणि लोकांचं लक्ष परत ट्रेलकडे गेलं. माझ्या मते ट्रेलची आजवरची सगळ्यात कामाची जाहिरात हीच! लेखाने माणूस आणला, माणसाने येऊन सांगितलं की लेख खोटा आहे, आणि त्यामुळे वाट सुधारली.

आता प्रत्यक्ष काम काय असतं ते सांगते, कारण हे कुणी लिहीत नाही.

वाट खराब कशाने होते? सगळ्यांना वाटतं चालणाऱ्यांच्या पायांनी. पाय तर आहेतच, पण खरा शत्रू पाणी. पावसाचं पाणी उतारावरून येतं, त्याला तुमची वाट म्हणजे तयार पन्हाळ मिळते, ते वाटेतूनच खाली धावायला लागतं, माती घेऊन जातं, मग दगड उघडे पडतात, मग लोक दगड टाळून कडेने चालतात, मग कडाही जाते, आणि दोन-तीन पावसाळ्यात एक फुटाची वाट तीन फुटाची घळ होते. म्हणून वाट आखतानाच पाण्याचा विचार करायचा असतो. सरळ उतारावर वाट टाकायची नाही, डोंगराच्या कुशीतून आडवी आडवी चढवत न्यायची. ढोबळ नियम असा की वाटेचा चढ हा त्या डोंगर उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे दहा मीटर चाललात तर एक मीटर वर. त्यासाठी क्लिनोमीटर नावाचं चढ मोजायचं छोटंसं यंत्र डोळ्याला लावून एक जण पुढे, एक मागे, झाडांना रंगीत रिबिनी बांधत जायचं. हे काम बघायला निवांत वाटतं पण यातच खरी भांडणं होतात, कारण पुढे कातळ निघतो, मग रिबिनी सोडा, परत मागे या, परत बांधा.

मग खणायचं. डोंगराच्या कुशीत फळीसारखी सपाट जागा कापायची, पण अगदी सपाट नाही, दरीच्या बाजूला किंचित कललेली, साधारण पाच टक्के, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळता आडवं वाहून जातं. डोळ्यांना हा कल कळतच नाही. आमच्याकडे एक रिटायर्ड इंजिनिअर येतात, ते पाण्याची बाटली काढतात आणि खणलेल्या भागावर ओततात. पाणी लगेच बाहेर गेलं तर ठीक. वाटेवरून दोन फूट चाललं की म्हणतात, "काढा परत." एकदा आम्ही तिघांनी सकाळभर खपून एक तुकडा केला होता, दगड लावून, माती चोपून, बघायला इतका सुंदर की मी फोटोसुद्धा काढला. काकांनी बाटली ओतली. पाणी वाटेच्या मधोमध सापासारखं निघालं आणि थेट माझ्या बुटापाशी येऊन थांबलं. "छान दिसतंय," काका म्हणाले, "पण काढा परत." कुणी काही बोललं नाही, टिकाव उचलले.

शिवाय दर थोड्या अंतरावर वाटेला मुद्दाम एक खोलगट वळसा द्यायचा असतो, म्हणजे उतरत उतरत जाणारी वाट जरा वर चढते आणि परत उतरते, त्या खोलगट जागी पाणी अडतं आणि बाहेर पडतं. चालणाऱ्याला ते जाणवतही नाही. पूर्वी लोक आडवे ओंडके किंवा दगडांची रांग टाकायचे, अजूनही टाकतात जिथे पर्याय नाही, पण त्यांच्या मागे गाळ साठतो आणि तो सारखा काढावा लागतो. गाळ काढणं हे या सगळ्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. घरातल्या केरासारखं आहे ते, काढला तर कुणाला दिसत नाही, नाही काढला की सगळ्यांना दिसतो.

झिगझॅग वळणांबद्दल तर बोलूच नका. आम्ही घाम गाळून वळणं टाकायची आणि कुणीतरी उत्साही प्राणी येऊन दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरणार, शॉर्टकट! त्याच्या मागून दहा जण. आणि त्या शॉर्टकटने पहिल्या पावसात पाणी उतरणार. मग आम्ही काय करतो, तर त्या जागी काटेरी फांद्या, वाळलेली खोडं, मोठे दगड आणून टाकतो. बोर्ड लावून उपयोग नाही, बोर्ड लोक वाचत नाहीत, काटे वाचतात.

हत्यारांची एक वेगळीच मजा आहे. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असं एक हत्यार असतं, त्याला पुलास्की म्हणतात. एड पुलास्की हा रेंजर होता, १९१० मध्ये अमेरिकेत इडाहो-मोंटाना भागात भीषण वणवा पेटला तेव्हा त्याने आपल्या माणसांना एका खाणीच्या बोगद्यात नेऊन त्यातल्या बहुतेकांना वाचवलं होतं. हे हत्यार त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पण माझं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे आपली साधी पहार. पाच फुटी लोखंडी पहार, योग्य जागी टेकू दिला की माझ्यासारखी बाई माझ्या दुप्पट वजनाचा दगड हलवते आणि बघणारे चाट पडतात. अमेरिकेत १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याखाली येणाऱ्या जंगलात तर इंजिनवाली करवत चालतच नाही, तिथे अजून दोन माणसांनी दोन्ही बाजूंनी ओढायची लांब करवत वापरतात. यात एक गोम आहे, ती करवत फक्त ओढायची असते, ढकलायची नाही. नवरा-बायकोची जोडी करवतीवर लावली की पाच मिनिटांत कळतं कोण ढकलतंय.

खणण्याइतकंच मोठं काम म्हणजे परवानग्या. कॅनडातली ब्रूस ट्रेल, सुमारे ९०० किलोमीटर, नायगारापासून टोबरमोरीपर्यंत. रे लोज नावाच्या माणसाच्या डोक्यात १९६० च्या सुमारास ती आली आणि १९६७ मध्ये ती सलग झाली, म्हणजे भलतीच लवकर. कारण? स्वयंसेवक जमीनमालकांच्या दारोदारी गेले, समजावलं, आणि बऱ्याच ठिकाणी कागदबिगद न करता नुसतं हात मिळवून परवानगी घेतली. झटपट झालं, पण तोंडी परवानगीचं असं आहे की मालक बदलला, जमीन विकली गेली, मुलाने वेगळं ठरवलं की वाट बंद. मग वाटेचा तो तुकडा गाड्यांच्या रस्त्यावरून न्यावा लागतो. म्हणून पुढे त्यांची संस्था पैसे जमवून जमिनीच विकत घ्यायला लागली. अ‍ॅपलेशियनचंही तसंच, १९६८ मध्ये राष्ट्रीय ट्रेल्सचा कायदा झाला, १९७८ मध्ये जमिनी घ्यायला जोर मिळाला आणि आता जवळपास सगळीच वाट संरक्षित जमिनीवरून जाते.

मालकांशी बोलायला मी दोन-चार वेळा गेलेय. मला वाटायचं त्यांना पैसे पाहिजे असतील किंवा परके लोक नको असतील. तसं काही नव्हतं. एका मालकांचा एकच प्रश्न होता, "फाटक कोण लावणार?" त्यांच्या कुंपणाचं फाटक चालणाऱ्यांनी उघडं टाकलं की गुरं बाहेर. आमच्यातला एक जण त्यांना जंगल, पर्यावरण, पर्यटन, सगळं ऐकवत होता आणि ते परत परत फाटकावरच येत होते. शेवटी आम्ही आपोआप लागणारं फाटक बसवून दिलं, त्याला वजन म्हणून तारेने दगड बांधला, झालं. भाषणापेक्षा तो दगड कामाला आला.

खुणांबद्दल थोडं. अ‍ॅपलेशियनवर पांढरे पट्टे असतात, दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच, एकावर एक दोन दिसले की पुढे वळण आहे सावध राहा. चेक लोकांचं काम तर याहून शिस्तीचं, त्यांचा पर्यटक क्लब १८८८ चा, दहा सेंटिमीटरच्या चौकोनात तीन आडव्या पट्ट्या, वर-खाली पांढरा आणि मध्ये रंग, आणि अशा ४०,००० किलोमीटरच्या आसपास वाटा त्यांचे स्वयंसेवक सांभाळतात, एवढ्याशा देशात! आणि कामिनोवरचे पिवळे बाण. ओ सेब्रेरो गावचे धर्मगुरू एलियास वालीन्या यांनी १९८४ मध्ये रस्त्याच्या पट्ट्यांसाठी वापरून उरलेला पिवळा रंग मिळवला आणि गाडीत टाकून वाटेवर बाण काढत निघाले. गोष्ट अशी सांगतात की पोलिसांनी हटकलं तेव्हा ते म्हणाले, मी फ्रान्सकडून होणाऱ्या मोठ्या स्वारीची तयारी करतोय. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या वाटेवर वर्षाला काहीशे लोक चालून सर्टिफिकेट घ्यायचे, २०२४ मध्ये तोच आकडा जवळपास पाच लाखांवर गेला. म्हणजे स्वारी आली की राव!

खूण रंगवणं हे नवीन माणसाला वाटतं तितकं सोपं नाही. आधी तारेच्या ब्रशने झाडाची सुटी साल अलगद काढायची, खोल नाही, जिवंत साल दुखवायची नाही. मग रंग. मग वीस-तीस पावलं पुढे जाऊन मागे वळून बघायचं, कारण उलट दिशेने येणाऱ्यालाही दिसायला पाहिजे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हात आवरणं. हातात रंगाचा डबा आला की माणूस प्रत्येक झाड रंगवत सुटतो. एका खुणेजवळ उभं राहिल्यावर पुढची दिसली की बास.

आता परत पोस्टवाल्यांकडे. जाहिरात पाहिजेच हे मी मान्य केलंय, पण कसली जाहिरात? पेनाइन वे उघडल्यावर लोक इतके आले की दलदलीच्या पीटवाल्या (म्हणजे कुजलेल्या पाल्याच्या मऊ मातीच्या) भागात वाट पसरत पसरत कित्येक मीटर रुंद काळा चिखल झाली. शेवटी बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या दगडी फरश्या हेलिकॉप्टरने डोंगरावर नेऊन टाकाव्या लागल्या. अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल इतकी गाजली की मेक्सिकोच्या सीमेवरून लांब पल्ल्याला निघणाऱ्यांना आता दिवसाला ५० च परवाने देतात. आमच्याकडे एवढं काही नाही, पण मागे एकाने ड्रोनने धबधब्याचा व्हिडिओ टाकला, सोबत लोकेशन. पुढचे कित्येक रविवार त्या एका जागी गाड्याच गाड्या, खालच्या वस्तीतल्या लोकांना आपल्या घरी जायला जागा नाही, आणि ज्या काठावर आम्ही माती धरून ठेवली होती तिथे सेल्फीसाठी उभे राहून राहून काठच बसला. बाकीच्या वाटेवर चिटपाखरू नाही. म्हणजे लोक ट्रेलवर आलेच नाहीत, एका फोटोच्या जागी आले.

मी ग्रुपवर म्हटलं की सूर्योदय टाका, धबधबा टाका, काही हरकत नाही, पण त्याच पोस्टमध्ये पडलेलं झाडही टाका आणि ते कापायला कोण येतंय तेही विचारा. अ‍ॅरिझोना ट्रेलचा डेल श्यूवॉल्टर मला म्हणूनच भारी वाटतो. शाळामास्तर. १९८५ मध्ये स्वतः राज्याच्या दक्षिण सीमेपासून उत्तरेपर्यंत चालला, मग ठिकठिकाणी जाऊन लोकांना स्लाइड शो दाखवत हिंडला, बोलत बोलत माणसं जोडली आणि पुढे तुकडे वाटून दिले गेले, हा तुमचा, तो तुमचा. २०१० मध्ये तो गेला, २०११ मध्ये १,३०० किलोमीटरची वाट जोडून झाली.

हे तुकडे वाटून घेणं फार महत्त्वाचं आहे. जगात जवळपास सगळीकडे मोठ्या ट्रेल्स अशाच चालतात, एका माणसाकडे किंवा जोडीकडे काही किलोमीटर. वर्षातून काही वेळा चालायचं, फांद्या छाटायच्या, गाळ काढायचा, खुणा बघायच्या, मोठं झाड पडलं असेल तर कळवायचं. कोविडच्या आधीच्या वर्षांत एकट्या अ‍ॅपलेशियनवर साधारण ६,००० स्वयंसेवक वर्षाला दोन लाखांहून जास्त तास काम करायचे. आणि तरी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये हेलीन वादळ आलं आणि दक्षिणेकडच्या तुकड्यांची दैना करून गेलं, टेनेसीत नॉलिचकी नदीवरचा ट्रेलचा पूलच वाहून गेला. एव्हरीच्या १९३७ नंतर १९३८ आलं होतं ना, तसंच.

तर ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी. पूर्ण पँट, पूर्ण बाह्या, जाड हातमोजे, घोटे झाकणारे बूट, भरपूर पाणी. हत्यारं आम्ही देतो, घरची कुऱ्हाड आणू नका, धार कशी आहे ते आम्हाला माहीत नसतं. पहिल्या दिवशी करवत हातात मिळणार नाही, घमेलं मिळेल, नाराज होऊ नका, सगळ्यांना मिळतं. कंबर खरंच दुखत असेल तर खणायलाच पाहिजे असं काही नाही, मालकांना फोन करणारे, परवानगीचे अर्ज लिहिणारे, हिशोब ठेवणारे यांची आम्हाला टिकाववाल्यांपेक्षा जास्त चणचण आहे. आणि कुणी नकाशाचं काम येणारं असेल तर आधी सांगा, कारण ओढ्यापलीकडच्या भागात आम्ही वाट हलवली आणि आमचा जीपीएस ट्रॅक अजून लोकांना जुन्याच वाटेने करवंदीच्या जाळीत पाठवतोय.